करप्याला सिलिका, तांबेऱ्याला पोटॅश? आधी युरियाची पोती मोजा

ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारलंय. तीस गुंठे भात, वाण इंद्रायणी. लावण होऊन पाच आठवडे झाले आणि पानांवर करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, ठिपके दिसायला लागले. सलग तिसरं वर्ष. गेल्या ऑक्टोबरला तर मानमोडी होऊन, म्हणजे करपा लोंबीच्या मानेवर जाऊन, लोंब्या पांढऱ्या पडल्या. कराडकडे नदीकाठी एकरभर काळं रान आहे, तिथे गहू असतो आणि फेब्रुवारीत तांबेरा येतो, तीही बुरशीच. दुकानदाराने अर्धा लिटरची 'सिलिकॉन'ची बाटली हातात दिली आणि सांगितलं की माती खनिजांनी भरली की बुरशीचं औषध मारायची गरजच उरत नाही. दादा विचारतात, हे खरं आहे का, आणि खरं असेल तर कोणतं खनिज, किती आणि कधी?

सोबत त्यांनी खताचा हिशोबही दिलाय, त्याबद्दल त्यांचे आभार. बहुतेक जण तो देत नाहीत. तीस गुंठ्यांना तीन पोती युरिया, एक पोतं डीएपी, पोटॅश काही नाही. पेंढा सगळा म्हशींना, शेणखत सगळं उसाला.

मी पंचवीसेक वर्षं माती तपासण्याच्या आणि खताचा सल्ला देण्याच्या कामात आहे, आणि शिराळ्याकडे घरची भाताची चार खाचरं आहेत. त्यामुळे थोडं प्रयोगशाळेचं आणि थोडं चिखलातलं, असं दोन्ही मिळून सांगतो.

दुकानदाराच्या बोलण्यात निम्मं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. भातासारख्या पिकाला सिलिका (वाळूत आणि काचेत असतो तो सिलिकॉनचा पदार्थ) आणि पोटॅश भरपूर मिळालं तर करपा कमी येतो, हे जगभर पाहिलं गेलंय. जपानने भातासाठी सिलिकेट खताला 1955 सालीच अधिकृत मान्यता दिली होती. पण यातलं कुठलंही खनिज बुरशीला मारत नाही. पान तयार होत असताना ते पानात जाऊन बसतं आणि पुढे येणाऱ्या बुरशीचं काम अवघड करतं. म्हणजे ठिपका दिसल्यावर खनिज द्यायला धावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी बसवायला सुतार बोलावण्यातला प्रकार. तुमचा खरा प्रश्न 'कोणतं खनिज घालू' हा नाहीच. पान आतून इतकं मऊ का राहतंय, हा आहे.

आधी करप्याची बुरशी पानात शिरते कशी ते बघू, कारण सगळं त्यावर आहे. तिचा बीजाणू दवाच्या किंवा पावसाच्या थेंबात पानावर रुजतो आणि टोकाला एक काळपट, गोल फुगा तयार करतो. त्या फुग्यात हवेच्या दाबाच्या ऐंशीपट दाब साठतो. तुमच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये असतो त्याच्या पस्तीस-चाळीसपट. त्या दाबाने बुरशी पानाच्या कातडीत सुई खुपसल्यासारखी घुसते. दार शोधत बसत नाही, भिंतच फोडते. आता भात काय करतो? मुळांनी पाण्यात विरघळलेली सिलिका ओढतो, पाण्याबरोबर ती पानापर्यंत नेतो आणि पाणी उडून गेलं की पानाच्या कातडीखाली तिचा काचेसारखा थर बसतो. भिंतीला आतून गिलावा. शिवाय अशा पानात बुरशी शिरलीच तरी पेशी लवकर सावध होतात आणि स्वतःची विषारी द्रव्यं लवकर सोडतात, असंही दिसून आलंय. त्यामुळे ठिपके कमी पडतात आणि पडलेले फारसे पसरत नाहीत.

यात दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, एकदा पानात बसलेली सिलिका तिथून हलत नाही. जुन्या पानातून काढून नव्या पानाला देणं झाडाला जमत नाही. नत्राचं तसं नसतं, ते जुन्या पानातून नव्यात जातं. म्हणून सिलिका रोजच्या रोज मुळाशी मिळत राहावी लागते. दोन, भात सिलिका मुळांनी घेतो आणि त्यासाठी त्याच्या मुळात खास वाहक असतात. त्यातला पहिला वाहक ज्या जनुकामुळे तयार होतो ते जपानी शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये शोधून काढलं. पानावर फवारलेली सिलिका बहुतांशी पानावरच राहते. थोडा उपयोग होतो, नाही असं नाही, पण मुळातून गेलेल्या सिलिकेची सर त्याला नाही.

आता बाटलीचा हिशोब करा. हेक्टरी पाच टन उतारा देणारं भात जमिनीतून साधारण 230 ते 470 किलो सिलिकॉन उचलतं. तुमच्या तीस गुंठ्यांच्या मानाने ते 70 ते 140 किलो झालं. अर्धा लिटरची बाटली पहिल्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत नुसती सिलिकाच आहे असं धरलं तरी तिच्यात भरेल किती? मी बाटलीला फसवणूक म्हणत नाही, पण तिच्यावर करपा थांबवण्याची भिस्त ठेवणं म्हणजे चमच्याने विहीर भरणं आहे.

आणि एक कृपा करा, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बाजारात 'सिलिकॉन' नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत सिलिका नसतेच. त्यात औषध पानावर पसरवणारं, चिकटवणारं द्रव्य असतं, ज्याला आपण स्टिकर किंवा स्प्रेडर म्हणतो. नाव सारखं, वस्तू वेगळी. फवारणीत त्याचा उपयोग आहेच, पण ते पानाचं पोषण नव्हे. माझ्याकडे एक जण अशी बाटली घेऊन आला होता. वर्षभर तो ती पाटाच्या पाण्यातून सोडत होता. त्याला सांगताना मलाच वाईट वाटलं.

मग सिलिका जमिनीत नसते का? मातीत सिलिकॉन भरपूर असतं, वाळू तर बहुतेक सिलिकाच. पण वाळू पाण्यात विरघळत नाही, आणि भाताला लागते ती विरघळलेली. इथे तुमच्या दोन रानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढेबेवाडी, पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात तांबडी-जांभी माती. लाखो वर्षांच्या धो-धो पावसाने तिच्यातली सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. जांभा तयार होतो तो असाच. अशा मातीत भाताला सिलिका आणि पोटॅश दोन्ही कमी पडणं साहजिक आहे. कराडच्या काळ्या, चिकण मातीचं उलट आहे. तिच्यात सिलिका आणि पोटॅश सहसा पुरेसं असतं. त्या रानात गव्हासाठी सिलिकेवर रुपयाही घालू नका. म्हणून 'कोणतं खनिज' याला एक उत्तर नाही. खाचर कुठे आहे त्यावर ते ठरतं.

मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचा सरकारी अहवाल, काढली असेल तर त्यात बारा घटक दिसतील. त्यात सिलिका नाही, त्यामुळे तिच्यावरून सिलिकेचा अंदाज येणार नाही. पोटॅश आणि जस्ताचा मात्र येईल. मी शेतात एक जुनी खूण बघतो. भाताच्या वरच्या पानाच्या कडेवरून टोकाकडून देठाकडे, म्हणजे उलट्या दिशेने बोट फिरवायचं. सिलिका भरलेलं पान करवतीसारखं लागतं. माझी आई कापणीच्या दिवसांत हाताला फडकं गुंडाळायची ते यामुळेच. तुमचं पान बोटाला रेशमासारखं लागत असेल, गर्द हिरवं असेल आणि भार न पेलल्यासारखं लोंबत असेल, तर ते पान करप्याला आवतण देतंय. ही मोजणी नाही, अंदाज आहे, पण शेजारच्या दोन खाचरांत करून बघितला तर फरक कळतो.

आता युरिया. तुमच्या पत्रातला माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. भाताला शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची. तीस गुंठ्यांना ते 30 किलो होतं. तीन पोती युरिया म्हणजे 135 किलो, त्यात नत्र 62 किलो. डीएपीच्या पोत्यातलं 9 किलो धरून 71. म्हणजे दुपटीहून जास्त. जादा नत्राने पेशी मोठ्या होतात, भिंती पातळ राहतात, पानात साधी नत्रद्रव्यं साचतात. बुरशीला आयतं जेवण. शिवाय झाडोरा दाटतो, दव सकाळी अकरापर्यंत पानावर राहतं. करप्याला ओलं पान आणि गारवा एवढंच तर लागतं. त्यातच नत्राने वाढ झपाट्याने होते आणि सिलिका तेवढीच राहते, म्हणजे तेवढाच गिलावा दुप्पट भिंतीवर पसरायचा. तुम्ही एका हाताने मिळेल ते खनिज द्याल आणि दुसऱ्या हाताने युरिया टाकून ते निष्प्रभ कराल. म्हणून माझ्याकडे कोणी 'सिलिका देऊ का' विचारलं की मी आधी युरियाची पोती मोजायला लावतो. लोकांना ते आवडत नाही, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

पोटॅशचं काम वेगळं आहे. पोटॅश कमी पडलं की झाडात तयार झालेली साखर आणि नत्र पक्कं होत नाही, तसंच सुटं राहतं. पेशीच्या भिंती जाड होत नाहीत, देठ लवकर मोडतो. भातावरचा तपकिरी ठिपक्यांचा रोग तर हलक्या, पोटॅश नसलेल्या रानात हटकून येतो. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाआधीच्या हंगामात हाच रोग भातावर पसरला होता. त्या दुष्काळाला माणसांची कारणं जास्त होती, पण रोगाचाही वाटा सांगितला जातो. तुमच्या पानांवरचे ठिपके नक्की कुठले ते नीट बघा. करप्याचा ठिपका होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. तपकिरी ठिपक्याचा आकार तिळासारखा, लंबगोल. दोन्ही एका पानावरही असू शकतात.

तिसरी शक्यताही आहे, आणि तिने भल्याभल्यांना चकवलंय. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी डाग, झाडं खुजी, आणि खाचरात ठिगळं-ठिगळं. लोक बुरशी समजून औषध मारत राहतात. हा खैरा, जस्ताच्या कमतरतेने होतो. उत्तरेत तराईच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या, भातावर तो रोग समजला जायचा. पंतनगरच्या डॉ. नेने यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं की याला कारण बुरशी नाही, जमिनीत जस्त कमी पडतं हे आहे. तिथे झिंक सल्फेट एकरी 8 ते 10 किलो दिलं की पीक उठतं, आणि बुरशीनाशकाने काही होत नाही. खनिजाने 'रोग' बरा झाल्याच्या ज्या गोष्टी पारावर ऐकायला मिळतात, त्यातल्या बऱ्याच अशा, मुळात रोग नसलेल्या. फक्त झिंक सल्फेट स्फुरदाच्या खताबरोबर कालवून टाकू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात.

आता सिलिका आणायची कुठून. तुमच्या घरूनच, आणि ती तुमचीच आहे. भाताने उचललेली बहुतेक सिलिका आणि पोटॅशचा मोठा भाग दाण्यात जात नाही, पेंढ्यात आणि तुसात राहतो. तुमचा पेंढा म्हशी खातात, शेण उसाला जातं. म्हणजे वर्षानुवर्षं तुम्ही खाचरातली सिलिका बैलगाडीने उसाच्या रानात नेऊन टाकताय. ऊसही सिलिका आवडीने घेतो, त्यामुळे तो खूश आहे. मी हे एकदा शिराळ्यात एका आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय, भाताच्या ताटातलं उसानं खाल्लं म्हणा की." निदान तीन वर्षांतून एकदा तरी खाचराला शेणखत द्या.

आपले जुने लोक राब भाजायचे. तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायच्या जागी शेणी, पालापाचोळा, गवत पसरून पेटवायचं. त्यामागे तण मारायचं कारण होतंच, पण त्या राखेतून रोपाला पोटॅश आणि सिलिकाही मिळायची. राबापायी झाडं बोडकी झाली हेही खरं, म्हणून ती पद्धत परत आणा असं मी म्हणणार नाही. त्याचं सुधारलेलं रूप डॉ. सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीत आहे. त्यातलं पहिलं सूत्र भाताचंच भाताला परत देण्याचं. तरव्याच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, आणि पेंढ्याचा काही भाग पहिल्या नांगरटीला खाचरात गाडायचा. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, गुंठ्याला तीसेक किलो, चिखलणीआधी. तिसरं नियंत्रित लावण, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या जोड ओळी. चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्या, चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या ठोंबांच्या, मध्ये एक, चिखलात खोचून. चारही सूत्रं मिळून बघा, म्हणजे लक्षात येईल की ती करप्याच्याही विरोधात जातात. सिलिका आली, पोटॅश आलं, नत्र मोजून आणि हळूहळू मिळालं, आणि जोड ओळींतून वारा खेळला.

राखेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळी चूक तिथेच होते. राख काळी हवी, पांढरी नको. तुसाच्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. पण आच जास्त लागली आणि राख पांढरी-गुलाबी झाली की सिलिकेचं स्फटिक बनतं, जवळपास वाळूच. मग ती विरघळत नाही. कराड-सांगलीच्या वीटभट्ट्यांवर जी तुसाची राख फुकट मिळते ती बहुतेक अशी जळून गेलेली असते. फुकट आहे म्हणून चार ट्रॉल्या टाकणारे मी पाहिलेत. साखर कारखान्याच्या बॉयलरच्या राखेचंही थोडंफार तसंच. तिच्यात पोटॅश मिळतं, सिलिका किती कामाची ते आचेवर आहे.

काळी राख करायची रीत सोपी आहे. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चारी बाजूंनी खिळ्याने भोकं पाडायची, वर धूर जायला पाइपाचा तुकडा बसवायचा, आत थोडी लाकडं पेटवून डबा पालथा ठेवायचा आणि त्याभोवती तुसाचा ढीग लावायचा. ज्वाळा येऊ द्यायची नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. ढीग आतून बाहेर काळा होत येतो. वरच्या बाजूला काळे डाग फुटायला लागले की फावड्याने उलटं-पालटं करायचं. सगळं काळं झालं की पांढरं व्हायच्या आत पाणी मारून विझवायचं आणि पसरायचं. विझलंय असं समजून घरी गेलात तर सकाळी पांढरी राख मिळेल. पहिल्या वर्षी माझं तेच झालं, जेवायला गेलो होतो. तुसाच्या वजनाच्या चौथा ते तिसरा हिस्सा काळी राख निघते. तीस गुंठ्यांना तीन गुंठे तरवा, त्यात वाफ्यांची जागा दोनशे चौरस मीटर धरली तर शंभर किलो राख लागेल. म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो तूस. ही राख सगळ्या खाचराला पुरत नाही, तरव्याला पुरते. पण रोप लहानपणी धष्टपुष्ट झालं तर पुढचा करपाही उशिरा आणि कमी येतो, असा माझ्या खाचरांतला अनुभव आहे. सगळ्यांना तसाच येईल अशी हमी देत नाही, कारण पावसाचं साल आणि वाण दोन्ही आड येतात.

दुसरी माझी चूकही सांगून टाकतो. मजूर वाचावा म्हणून एकदा मी चुलीतली राख आणि अमोनियम सल्फेट एकाच पाटीत कालवून तरव्यावर टाकायला घेतलं. पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईने दोन पावलांत ती खाली ठेवली, डोळ्यांतून पाणी. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे माझं नत्र हवेत चाललं होतं. राख अल्कधर्मी असते, अमोनियाची खतं तिच्यात मिसळायची नाहीत. राख आधी मातीत, नत्र नंतर आठ-दहा दिवसांनी.

खाचरात पाणी असलं की सिलिका जास्त विरघळते. कोरड्या पडलेल्या खाचरात करपा भडकतो तो काही अंशी यामुळे. पावसाने ओढ दिली आणि वरच्या खाचराचा बांध फुटला की त्या एकाच खाचरात करपा का दिसतो, याचं उत्तर बऱ्याचदा बांधात असतं.

आता गव्हाकडे. इथे मी तुमचा थोडा हिरमोड करणार आहे. करपा भिंत फोडून शिरतो, तांबेरा तसा शिरत नाही. तांबेऱ्याचा बीजाणू पानावर रुजतो आणि श्वासाचं जे छिद्र उघडं असतं त्यातून आत जातो. दार उघडं असेल तर भिंतीला कितीही गिलावा करा. म्हणून गव्हात सिलिकेचा चांगला परिणाम भुरीवर, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या बुरशीवर, दिसतो, कारण भुरीही भिंत फोडते. तांबेऱ्यावर तेवढा भरवसा मी ठेवत नाही. शिवाय आपल्याकडे तांबेरा मातीतून येत नाही, वाऱ्याने येतो. काळ्या आणि तपकिरी तांबेऱ्याची बुरशी उन्हाळाभर दक्षिणेत निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांत जगते आणि तिथून वर सरकते. डॉ. के. सी. मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे शोधून काढलं. तुमच्या रानात कितीही पोटॅश असलं तरी वाऱ्याला त्याचं काय?

गव्हाच्या तांबेऱ्याला खरं उत्तर वाण आहे. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे ते याचसाठी. गेरवा म्हणजे तांबेराच. वाणात कोणत्या तांबेऱ्याला तोंड द्यायची ताकद आहे ते तिथे तपासलं जातं. नेत्रावती किंवा फुले समाधानसारखं प्रतिकारक वाण घ्या, नोव्हेंबरात पेरा, उशीर करू नका, आणि नत्र शिफारशीएवढंच द्या. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठच्या आपल्या खपलीचंच उदाहरण बघा. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला अमेरिकेत जे बारा गहू प्रमाण म्हणून ठरवले होते, त्यात एक 'खपली' या नावानेच आहे. ती प्रतिकारक म्हणून जगभर गेली, आणि आपण ती आता पुरणपोळीपुरती ओळखतो.

गव्हाला पोटॅश तपासणीत कमी आलं तरच द्या. काही परदेशी प्रयोगांत लाल पोटॅशमधल्या क्लोराइडनेही गव्हाचे रोग थोडे कमी झालेले दिसले, पण ते क्लोराइड कमी असलेल्या जमिनींत. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड रानांत क्लोराइड आधीच उरावर बसलंय, तिथे तो प्रयोग करू नका.

ज्वारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माण-खटाव, जतचे लोकही हे वाचतील म्हणून दोन ओळी. रब्बी ज्वारीच्या खडखड्याला, म्हणजे बुंधा कुजून ताट कोलमडण्याला, कारण पाण्याचा ताण. दाणा भरताना ओल संपली की बुरशी बुंध्यात चढते. तिथे खनिजापेक्षा विरळ पेर आणि ओल टिकवणं महत्त्वाचं. आणि खरोखर बुरशी मारणारं खनिज हवं असेल तर ते गंधक. कणसातल्या काणीसाठी, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी होते त्या रोगासाठी, पेरणीआधी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम, 300 मेशचं, म्हणजे अगदी बारीक पुडीचं. स्वस्तात मस्त, आणि आता विसरलं गेलेलं.

यंदाचं सांगतो, कारण ठिपके आत्ता आहेत. उरलेला युरिया घरातच ठेवा, ठिपके वाढायचे थांबेपर्यंत एक मूठही नको. खाचरात दोन-तीन बोटं पाणी धरून ठेवा. लाल पोटॅश तीस गुंठ्यांना मिळून 25 किलो लागतं. तुम्ही पेरलेलंच नाही, तर निम्मं, म्हणजे बारा-तेरा किलो आत्ता द्या. लोंबीचा कोंब धरायच्या बेताची वेळ आहे, उपयोग होईल. पुढच्या वर्षीपासून निम्मं चिखलणीला आणि निम्मं या वेळी, कारण तुमच्या मातीत एकदम टाकलेलं पावसाने वाहून जातं. लाल पोटॅश मिळालं नाही तर साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेलं पोटॅश मिळतं, त्यात पालाश साडेचौदा टक्के असतं, त्या हिशोबाने चौपट लागेल. आणि बुरशीनाशक या वर्षी मारावं लागेल, त्याला पर्याय नाही. ट्रायसायक्लॅझोल लेबलावरच्या मात्रेने घ्या. गंमत म्हणजे तेही बुरशीला सरळ मारत नाही. त्या फुग्याचा काळा रंगच तयार होऊ देत नाही, आणि रंगाशिवाय फुग्यात दाब टिकत नाही. दुसरी फवारणी लोंब्या बाहेर पडू लागताना, मानमोडीसाठी. तिथे चुकलात तर पानं कितीही हिरवी असली तरी दाणा भरणार नाही. दुकानदाराची बाटली उघडली नसेल तर परत करा.

यंदाचा करपलेला पेंढा खाचरात तसाच पसरू नका, बुरशी त्यावर पुढच्या पावसापर्यंत टिकते. म्हशींना घालून शेणखत करा, किंवा खड्ड्यात नीट कुजवा, आणि मग ते खत भाताच्या खाचरात जाऊ द्या, उसाच्या नव्हे. तुसासाठी भात भरडणाऱ्या गिरणीवाल्याला मात्र आत्ताच सांगून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात तूस निघतं आणि वीटभट्टीवाले आठवड्याभरात उचलून नेतात. हलर असेल तर तूस आणि कोंडा एकत्र निघतो, तसलं घेऊ नका, ते धुमसत नाही आणि कोंडा जळून वाया जातो. रबर शेलरच्या गिरणीतलं सुटं तूस घ्या, चारशे किलो, आणि मेपर्यंत कोरड्या जागी ठेवा. राख करताना डबा माझ्यासारखा सोडून जेवायला जाऊ नका.